पऱ्हाटीपासून बायोचार : उष्णतेने होणारे विघटन

कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उरते. काही जळणासाठी घरी नेली जाते, उरलेली बहुतेकदा बांधावर पेटवतात आणि हाती मूठभर राख राहते. हीच पऱ्हाटी हवा लागू न देता तापवली, तर काळा, ठिसूळ, सच्छिद्र कोळसा मिळतो. मातीत मिसळण्यासाठी तयार केलेल्या अशा कोळशाला बायोचार म्हणतात.

ज्वलन आणि औष्णिक विघटन

आगपेटीची काडी पेटवून नीट पाहा. उष्णतेमुळे लाकडातून वायू बाहेर पडतात आणि ज्योत असते ती त्या वायूंची. मागे काळी काडी उरते. ती निखारा होऊन जळाली तरच तिची राख होते. म्हणजे आगीतही आधी विघटन होते, मग ज्वलन. बायोचार करताना आपण पहिली पायरी होऊ देतो आणि कोळशाचे ज्वलन अडवतो. या पहिल्या पायरीला औष्णिक विघटन किंवा पायरोलिसिस म्हणतात.

विघटनाचे टप्पे

वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे तीन मुख्य घटक असतात. ते एकाच तापमानाला तुटत नाहीत.

१. सुमारे १५०° से. पर्यंत : पाणी निघून जाते. १ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणून पऱ्हाटी आधी उन्हात वाळवावी.

२. सुमारे २२०° ते ३१५° से. : हेमिसेल्युलोज तुटते. त्याच्या साखळ्या आखूड, फाटे फुटलेल्या आणि विस्कळीत असतात. कार्बन डायऑक्साइड, ॲसेटिक आम्ल आणि पाण्याची वाफ बाहेर पडते.

३. सुमारे ३१५° ते ४००° से. : सेल्युलोज तुटते. त्याच्या लांब, सरळ साखळ्या हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधलेल्या असल्याने त्या जास्त तापमानापर्यंत टिकतात. लेव्होग्लुकोसान हे यातून मिळणारे प्रमुख संयुग.

४. लिग्निन : हे १६०° पासून ९००° से. पर्यंत हळूहळू तुटत राहते. त्यात मुळातच ॲरोमॅटिक वलये असतात. त्यामुळे कोळशात त्याचा वाटा मोठा.

तापमान आणखी वाढवले की हायड्रोजन व ऑक्सिजन निघून जातात आणि उरलेल्या कार्बनची वलये एकमेकांना जोडली जातात. अशी रचना सूक्ष्मजीवांना सहज फोडता येत नाही. म्हणूनच पालापाचोळा काही महिन्यांत कुजतो, पण बायोचारचा मोठा भाग मातीत शेकडो वर्षे टिकू शकतो.

उदाहरण

समजा, १०० किलो कोरड्या पऱ्हाटीत ४६% कार्बन आहे. तिच्यापासून ३० किलो बायोचार मिळाला आणि त्यात ७५% कार्बन आहे.

बायोचारमधील कार्बन = ३० × ०.७५ = २२.५ किलो
टिकलेला वाटा = २२.५ ÷ ४६ = सुमारे ४९%
समतुल्य कार्बन डायऑक्साइड = २२.५ × ४४ ÷ १२ = ८२.५ किलो

वजन ७०% घटले, पण कार्बन जवळपास निम्मा राहिला. परीक्षेत विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच : वजनातील घट म्हणजे कार्बनमधील घट नव्हे.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली धुराची. बाहेर पडणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन असतात. पहिला विषारी आहे, तर दुसरा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवतो. हे वायू तसेच सोडले, तर हवामानाचा फायदा बराचसा वाया जातो. चांगल्या भट्टीत तेच जाळून भट्टीला लागणारी उष्णता मिळवतात.

दुसरी मातीची. बायोचार बहुधा अल्कधर्मी असतो आणि जास्त तापमानाला बनवला तर अधिकच. त्यामुळे कोकण, गोवा, केरळमधील आम्लधर्मी जांभ्या मातीत त्याचा उपयोग जास्त होतो. कापसाची काळी माती बहुधा आधीच अल्कधर्मी असते. तिथे सामू तपासूनच तो टाकावा. शिवाय तापवताना बराच नायट्रोजन उडून जातो, म्हणून बायोचार खताची जागा घेत नाही. तो शेणखतात मुरवून वापरणे बरे.

स्वाध्याय

१. भट्टीचे झाकण नीट बसले नाही, तर बायोचारच्या उताऱ्यावर काय परिणाम होईल? कारण द्या.
२. वरील उदाहरणात उतारा २५ किलो आणि कार्बन ८५% धरून टिकलेला वाटा काढा. कोणती परिस्थिती जास्त तापमानाची असावी?