कोपर कमरेला चिकटवून

"काकू, कोपर कमरेला चिकटवून ठेवा. हात अगदी सैल सोडा, मी फिरवते." फिजिओथेरपिस्ट ताई काकूंचं मनगट धरून हात हळूहळू बाहेरच्या बाजूला वळवतात. हात जरासा वळतो आणि अडतो. काकू नकळत खांदा कानाकडे उचलतात, कंबरही फिरवतात. ताई थांबतात, दुसरा पंजा फऱ्याच्या हाडावर ठेवतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

फ्रोझन शोल्डर ओळखायची खरी जागा ही. स्नायूबंध फाटला असेल तर रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, पण दुसऱ्यानं उचलला की तो बहुधा वर जातो. इथे दुसऱ्याच्या हातातही तो तिथेच अडतो, कारण सांध्याभोवतीचं आवरणच सुजून, जाड होऊन आक्रसलेलं असतं. एक्स-रे बहुतेक वेळा निर्दोष येतो. सांध्याची झीज किंवा निखळलेलं हाड नाही ना, हे पाहण्यासाठी तो काढायचा. एमआरआयची घाई मला अनाठायी वाटते. त्याआधी साखर तपासावी. हा आजार चाळिशी ते साठीत, बायकांमध्ये अधिक दिसतो आणि मधुमेह असेल तर त्याची शक्यता बरीच वाढते.

पहिले काही महिने ठणक्याचे. त्या कुशीवर झोपता येत नाही, वेणी घालणं राहून जातं. नेमक्या याच काळात कुणीतरी जोरात चोळून, ओढून खांदा 'मोकळा' करून द्यायला पुढे येतं. त्यांना हात लावू देऊ नये. सुजलेलं आवरण ओढल्यानं दुखणं चिघळतं. सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनानं या टप्प्यात चांगला उतार पडतो. मधुमेहींची साखर मात्र त्यानंतर काही दिवस चढते, तेव्हा ती घरी मोजत राहावी.

पुढे ठणका ओसरतो, आखडलेपण उरतं. मग ओणवं होऊन हात लोंबता झुलवणं, भिंतीवर बोटं चढवणं, काठीनं हात बाहेर ढकलणं, असे व्यायाम रोज करायचे. सगळं सुटायला एक ते तीन वर्षं लागू शकतात, थोडा ताठरपणा मागे राहतोही. शस्त्रक्रियेनं हे झटपट संपेल असं अनेकांना वाटतं. ब्रिटनमधल्या 503 रुग्णांच्या चाचणीत भूल देऊन खांदा हलवणं, दुर्बिणीतून आवरण मोकळं करणं आणि इंजेक्शनासह फिजिओथेरपी यांची तुलना झाली. 2020मध्ये आलेल्या निष्कर्षांत कुठलाच उपाय बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही.

काकूंना ताई एकच खूण सांगतात: व्यायामानंतरची कळ थोड्या वेळात शमली तर ठीक, रात्रभर राहिली, तर उद्या ताण कमी करायचा, व्यायाम बंद करायचा नाही.