भारतातला आरोग्य विमा: गरज पडण्याच्या तीन वर्षं आधी



आजचा विषय असा आहे, जो आपण ‘पुढच्या वेळी इंडियात गेलो की बघू’ म्हणत दर वर्षी पुढे ढकलतो: भारतातला आरोग्य विमा.

समजा, तुम्ही न्यू जर्सीत आहात आणि आई-बाबा सांगलीला. उन्हाळ्यातल्या एका रात्री अडीच वाजता फोन येतो. तिकडे दुपारचे बारा. बाबांना हॉस्पिटलमध्ये दाखल केलंय, शेजारचे काका काउंटरवर उभे आहेत आणि विचारतायत, “अरे, पॉलिसी आहे का? कार्ड कुठे ठेवलंय?” त्या वेळी आपण पैसे पाठवू शकतो, विमा मात्र काढू शकत नाही.

कारण विम्याला वेळ द्यावा लागतो. नवी पॉलिसी घेतल्यावर साधारण पहिले ३० दिवस अपघात सोडला तर दावा मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं अशा ठरावीक उपचारांसाठी बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आणि आधीपासूनच्या आजारांसाठी, म्हणजे मधुमेह, रक्तदाब वगैरेंसाठी, जास्तीत जास्त तीन वर्षं. ही मर्यादा पूर्वी चार वर्षांची होती. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ती कमी केली.

ही वर्षं पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजतात. त्या काळात तुम्ही एडिसनला राहता की पुण्यात, याने फरक पडत नाही. म्हणून २०२९ मध्ये कायमचं परतायचा विचार असेल, तर स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या. परतल्यावर घेतली, तर पहिली तीन वर्षं नेमकी उघड्यावर जातील.

अनिवासी भारतीयांना भारतीय कंपनीची पॉलिसी घेता येते. हप्ता एनआरई किंवा एनआरओ खात्यातून भरता येतो. अर्जात अमेरिकेतला पत्ता मोकळेपणाने सांगा. तुम्ही ओसीआय असाल, तर कंपनीचा नियम काय आहे ते ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. आणि लक्षात असू द्या, या पॉलिसी सहसा फक्त भारतातल्या उपचारांचा खर्च देतात.

आता आई-बाबांचं. ‘पासष्टी उलटली, आता कोण विमा देणार?’ हे जुनं झालं. नव्या पॉलिसीसाठी ६५ वर्षांची अट राहिलेली नाही. हप्ता मात्र जड असतो. थोडा दिलासा म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. शिवाय ७० वर्षं पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं. आधार लागतं, आणि उपचार योजनेतल्या हॉस्पिटलमध्येच घ्यावे लागतात.

पॉलिसी घेताना दोन गोष्टींत घाई नको.

पहिली, आजार लपवू नका. ‘बाबांची शुगर थोडीशीच आहे, लिहू नका,’ असं एजंट म्हणाला तरी लिहा. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनी जुन्या माहितीवरून दावा नाकारू शकत नाही. पण त्याआधी लपवलेली एक गोळीसुद्धा महागात पडते.

दुसरी, खोलीच्या भाड्याची मर्यादा वाचा. मर्यादा रोज ५ हजार असेल आणि बाबांना १० हजारांच्या खोलीत ठेवलं, तर फक्त भाडंच अर्धं मिळतं असं नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च यांनाही तीच कात्री लागू शकते. औषधं आणि इम्प्लांट त्यातून वगळलेले असतात. शक्य असेल तर अशी मर्यादा नसलेलीच पॉलिसी बघा. कागद हातात आल्यावर ३० दिवसांत नापसंत असेल तर परतही करता येते.

इथे निवृत्त होऊन तिकडे जाणाऱ्यांसाठी एक सूचना. मेडिकेअर सहसा अमेरिकेबाहेरचा खर्च देत नाही. आणि पार्ट बी सोडून पुढे परत घ्यायचा ठरवला, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्यात १० टक्के दंड लागू शकतो, तोही बहुतेकांना कायमचा. सोडण्याआधी हिशेब करा.

दावा अडलाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद नाही मिळाली, तर विमा लोकपाल आहेत. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत आणि तक्रारीला फी नाही.

या रविवारी आई-बाबांना फोन कराल, तेव्हा जेवणखाण, हवापाणी झालं की पॉलिसीचा विषय काढा. असेल तर क्रमांक, कार्डाचा फोटो आणि कॅशलेस हॉस्पिटलांची यादी स्वतःकडे ठेवा, आणि एक प्रत त्या शेजारच्या काकांनाही पाठवा. काउंटरवर आधी तेच पोहोचणार आहेत.

काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात. नमस्कार!