दोनशे पौंडांचे भय

भूत एकदा दिसले की माझी तरी भीती संपते. म्हणूनच डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रज लेखकाची १९०२ सालची ‘द मंकीज पॉ’ ही कथा मला सर्वांत भयंकर वाटते. माकडाचा वाळका पंजा इच्छा पुरवतो म्हणे. म्हातारा व्हाइट घराचे कर्ज फेडायला दोनशे पौंड मागतो. दुसऱ्याच दिवशी रेशमी टोपी घातलेला एक गृहस्थ फाटकाशी तीनदा घुटमळून आत येतो. मुलगा यंत्रात सापडून मेला आहे. कंपनी जबाबदारी नाकारते. मात्र त्याच्या चाकरीची कदर म्हणून रक्कम देते. किती? दोनशे पौंड!

पंजा नशिबाची सत्ता दाखवण्यासाठी फकिराने मंतरला होता, असे कथा सांगते. नशिबाचे राहू द्या. यंत्राला संरक्षक जाळी होती का, हे कुणीच विचारत नाही! १८९७ च्या कायद्याने तिथे कामावर मेलेल्याच्या, पूर्णपणे त्याच्यावरच अवलंबून असलेल्या वारसांना दीडशे ते तीनशे पौंड ठरवून दिले होते. मग कदर कसली?

पुढे आईच्या हट्टापायी मेलेला मुलगा परत मागितला जातो. रात्री दारावर थाप पडते. बाप शेवटची इच्छा पुटपुटतो; दार उघडते तो रस्ता रिकामा. थाप कुणाची, हे जेकब्ज दाखवत नाही. वाचक दचकतो तो याच थापेला. मला वकिलाला मात्र फाटकाशी घुटमळणारा तो टोपीवालाच जास्त भिववतो.