त्रेपन्न लिही बघू!

तुमच्यापैकी कितीतरी जण जनरल शिफ्टसाठी निगडी, भोसरी किंवा मोशीहून कंपनीची बस पकडता. चाकणच्या तळेगाव चौकात बस अडकली की मोबाइलमध्ये डोकं घालायचं, हे ठरलेलं. तेव्हाच रस्त्याच्या कडेने दप्तरवाली पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत निघालेली असतात. आपलं लक्ष नसतं.

या पट्ट्यात अनेकांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, शाळा मात्र चालू असते. एका गुरुवारी मुख्याध्यापकांची परवानगी काढा आणि एखाद्या द्विशिक्षकी शाळेत दिवसभर बसून बघा. खुर्चीवर नको, खाली पोरांच्या सतरंजीवर बसा.

पहिला धक्का आवाजाचा बसेल. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. परिपाठ झाला, हजेरी झाली, की आज खिचडी किती जणांची ते मोबाइलवर भरायचं. मग 'माहिती तातडीने पाठवा' असा वरून मेसेज येतो. बाई तिसरीला फळ्यावर उदाहरणं घालून देतात, चौथीचे अपूर्णांक सुरू करतात, तेवढ्यात शेजारच्या खोलीतून कुणीतरी रडत येतं. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, ६० पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक. वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन. हे तास दोन माणसांनी चार इयत्तांना कसे वाटायचे, ते ज्याचं त्यानं बघायचं!

मग वर्ग चालतो कसा? खरं सांगायचं तर पोरं चालवतात.

याच पट्ट्याच्या टोकाला, खेड तालुक्यात कनेरसरजवळ जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. पट हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता, शाळा बंद पडायच्या बेतात होती. वाबळेवाडीच्या शाळेमुळे आधीच नावाजलेले दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले, गाव सोबत उभं राहिलं आणि पट शंभराच्या पुढे गेला. २०२५ मध्ये टीफोर एज्युकेशन या संस्थेच्या 'जगातील सर्वोत्तम शाळा' पुरस्कारांमध्ये लोकांच्या मतांवर दिला जाणारा 'कम्युनिटी चॉइस' पुरस्कार या शाळेने जिंकला. बातमी तुम्ही फॉरवर्डही केली असेल. पण पुरस्कारापेक्षा भारी आहे ती तिथली पद्धत, 'विषयमित्र'. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं, वय आणि इयत्ता आड येऊ द्यायची नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, ते एका आकड्यावरून बघू.

समजा, चौथीतली एक मुलगी दुसरीतल्या मुलाला सांगतेय, "त्रेपन्न लिही बघू." तो ३५ लिहितो. तो ढ नाही, त्यानं ऐकलं तसंच लिहिलंय. मराठीत तीन आधी ऐकू येतो आणि पन्नास नंतर. बिहारहून आलेल्या कामगाराच्या मुलाला 'तिरपन' माहीत असतं, म्हणजे त्याचाही घोळ तोच. उलट घरी कन्नड बोलणारं पोरगं इथे सुटतं, कारण त्याच्या भाषेत पन्नास आधी येतो आणि मग तीन. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवतंय? मीम्सचा पाऊस पडला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना जागोजागी समजावून सांगावं लागलं. हसणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या पोराला त्रेपन्न लिहायला सांगून बघितलं होतं, देव जाणे.

ती चौथीतली मुलगी मात्र वाद घालत बसत नाही. "पाच जुड्या आण. आता तीन सुट्ट्या काड्या. जुड्या आधी लिही." झालं! दहा-दहा काड्यांच्या जुड्या त्याच्या हातात आहेत, त्यामुळे पाच कुठे लिहायचा हे त्याला दिसतं. ती स्वतः दोन वर्षांपूर्वी तिथेच अडखळली होती. तो कुठे पडणार, हे तिला बाईंच्याही आधी कळतं.

ही युक्ती नवीन अजिबात नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री होता. इथल्या गावशाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्याने पाहिली. आपल्या शाळेतही त्याने वाळू आणली आणि मोठ्या मुलांना लहानांना शिकवायला बसवलं. १७९७ मध्ये त्याने लंडनमध्ये त्यावर पुस्तिका छापली आणि इंग्लंडभर 'मद्रास पद्धती'च्या शाळा निघाल्या. तिकडे या पद्धतीचा मोठा फायदा मानला गेला तो स्वस्ताईचा, एका मास्तरात शेकडो मुलं. पुढे घोकंपट्टी वाढली आणि पद्धत मागे पडली.

ती भीती आजही आहे. पोरं एकमेकांना शिकवतात म्हटल्यावर 'मग शिक्षक कशाला?' असं विचारणारे निघतातच. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा प्रस्ताव आला आणि गावोगावी विरोध झाला. अशा शाळांना शिक्षक द्यायचे किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

दुपारी, खिचडीनंतर, तुम्ही अजून सतरंजीवर असाल तर आणखी एक गोष्ट दिसेल. आता तिसरीतला एक जण त्या चौथीच्या मुलीला विचारतोय, ४०२ मधून ३७ कसे वजा करायचे? दोनातून सात जात नाहीत आणि शेजारी तर शून्य, मग उसना घ्यायचा कुणाकडून? ती झटकन सांगते, "पुढच्या चारचा तीन होतो, शून्याचा नऊ आणि दोनाचे बारा." तो विचारतो, "नऊच का? दहा का नाही?"

ती गप्प. उत्तर बरोबर येतं, पण का येतं ते तिला कधी लागलंच नव्हतं. समजावून सांगायला बसली नसती तर कळलंही नसतं. ती जुड्या काढते, मोजते, पुन्हा बांधते. शंभराची मोठी जुडी सोडते, त्यातल्या दहा जुड्या मांडते आणि तिथेच अडते. मग पाटी घेऊन उठते आणि बाईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहते.

बाई तेव्हा माहिती भरत असतात.