‘पिक अप’ म्हणजे नक्की काय?

लोणावळ्यात पावसाळ्यातला शनिवार म्हणजे टॅक्सीवाल्यांच्या कमाईचा दिवस. अशाच एका शनिवारी आमच्या थोरल्याच्या मोबाईलवर पाहुण्यांचा निरोप आला: ‘प्लीज पिक अप’. हा लगोलग गाडी घेऊन स्टेशनवर! तासभर पावसात उभा राहिला. रेंज गेलेली, फोन लागेना. पाहुणे हॉटेलवरच होते. त्यांना भुशी डॅमला जायचं होतं आणि ‘बाबा रे, फोन उचल’ एवढंच सांगायचं होतं. कंटाळून त्यांनी दुसरी गाडी केली. दिवसाचं भाडं बुडालं.

“पण पिक अप म्हणजे घ्यायला जाणंच ना?” अम्मींनी विचारलं. तेही खरंच. मुलांना शाळेतून आणणं पिक अप, खाली पडलेला रुमाल उचलणं पिक अप, आणि फोन घेणंही पिक अप. शेजारच्या मुलांत खेळून पोरं मराठी शिकली, कुणी वर्ग घेतला नाही, तर तेही ‘पिक अप’ केलं म्हणतात. पावसाबरोबर चिक्कीचा धंदा वाढला की ‘बिझनेस पिक्ड अप’. म्हणजे ‘अप’ आहे म्हणून दर वेळी काही वर जातंच असं नाही. आधीचं-नंतरचं वाक्य पाहावं लागतं.

आपण तर त्याचं नामच करून टाकलं. माल वाहणारी ती पिकअप, आणि चढाला दम टाकते तिला पिकअप नाही! बोरघाटाच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. १८६३ साली सुरू झालेल्या या घाटमार्गावर दर ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना आजही कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात.

एक चूक आमच्या घरात सगळेच करत होतो: ‘पिक अप मी’. मी, हिम, हर, देम असे छोटे शब्द मध्येच बसतात: ‘पिक मी अप’, ‘पिक देम अप’. मुलांचं नाव किंवा वस्तू असेल तर आधी-नंतर कुठेही चालतं. आणि ‘अप’च्या जागी ‘ऑन’ आलं की अर्थ पार बदलतो. ‘पिक ऑन’ म्हणजे एखाद्याच्या मागे लागून त्याला छळणं. शाळेतून आलेलं मूल हे सांगत असेल तर जरूर ऐकावं.

थोरल्याकडे आता तसा निरोप आला की तो आधी उलट विचारतो: ‘कॉल ऑर कार?’