पुसण्यापूर्वी डिस्क ओळखा!

लिनक्सवर चालणाऱ्या घरगुती संगणकाला पेन ड्राइव्ह जोडला, की बहुधा पडद्यावर त्याचे चिन्ह झळकते. सर्व्हरवर मात्र ही सोय सहसा नसते. तेथे टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करूनच जोडलेल्या डिस्कची विचारणा करावी लागते.

यासाठी सर्वांत सुटसुटीत आज्ञा म्हणजे 'एलएसबीएलके'. पहिली दोन अक्षरे यादीची, उरलेली तीन 'ब्लॉक' या शब्दाची. कर्नलने ओळखलेली साधने ती वंशवृक्षासारखी मांडते. आधी डिस्क, तिच्या पोटात पार्टिशन्स, प्रत्येकाचा आकार आणि ते कोठे 'माउंट' झाले आहे तो पत्ता. 'एसडीए' ही एक डिस्क, 'एसडीबी' दुसरी. 'एसडीबी१' हे दुसरीचे पहिले पार्टिशन. पाचशे जीबीची डिस्क येथे ४६५.८ इतकीच भरते, तेव्हा दुकानदारावर संशय घेण्याचे कारण नाही. उत्पादक १०००च्या पटीत मोजतात, ही आज्ञा १०२४च्या.

जुन्याजाणत्यांच्या बोटांना 'डीएफ' या आज्ञेची सवय असते. परंतु ती केवळ माउंट झालेल्या फाइल सिस्टिम दाखवते. नवी कोरी डिस्क तीत दिसतच नाही आणि चांगली डिस्क बिघडलेली ठरते.

खरा धोका पुढे आहे. पेन ड्राइव्हवर लिनक्सची प्रतिमा उतरवण्यासाठी 'डीडी' ही आज्ञा वापरतात. ती 'नक्की का?' असे विचारत नाही. 'एसडीबी'ऐवजी चुकून 'एसडीए' लिहिले गेले, तर पेन ड्राइव्ह तसाच राहतो आणि मूळ डिस्कवरील माहितीवर नांगर फिरतो. त्यातच ही नावे कायमची नसतात; संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती बदलू शकतात. कालची 'एसडीबी' आज 'एसडीसी' असू शकते. म्हणून पेन ड्राइव्ह जोडण्यापूर्वी एकदा आणि जोडल्यावर पुन्हा एकदा यादी मागवावी. नव्याने आलेली ओळ आपली. तिचा आकारही ताडून पाहावा. दोन डिस्क सारख्याच आकाराच्या असतील, तर आज्ञेला मॉडेल व अनुक्रमांक यांचे रकानेही मागता येतात. कायमस्वरूपी नोंदींसाठी 'यूयूआयडी' हा ओळखक्रमांक वापरावा. तो 'बीएलकेआयडी' या आज्ञेने मिळतो.

'एलएसबीएलके' ही आज्ञा मूळची लिनक्सची. युनिक्सच्या इतर भावंडांकडे ती मिळेलच असे नाही. मॅकवर 'डिस्कयुटिल लिस्ट' लिहावे लागते, तर फ्रीबीएसडीवर 'जिऑम डिस्क लिस्ट'.