सम सांभाळणारा

हिब्रूत त्या वाद्याला 'बास' म्हणतात आणि आपल्या मराठीत 'बास' म्हणजे पुरे. त्यामुळे नातू शेजारच्या खोलीत वाजवत असताना आजी "बास!" म्हणून ओरडली, तर त्याला वाटते सवता वाद्याचे नाव घेऊन कौतुकच करते आहे. हा विनोद आम्ही एकाहून अधिक घरांत ऐकला. त्यामागची काळजी मात्र खरी आहे. चार तारांचे हे वाद्य वाजवून कोणाचे पोट भरते का? आणि ते वाजवायला पोरे देशोदेशी का हिंडतात? या प्रश्नांचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यातून द्यावे, असे आम्ही ठरवले. मराठीत 'बेस गिटार' हा शब्द रुळला आहे, तोच इथे वापरतो.

आधी वाद्याविषयी. साध्या गिटारला सहा तारा, बेसला बहुधा चार, पण जाड आणि एक सप्तक खाली लावलेल्या. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हा आवाज कानापेक्षा छातीला जास्त कळतो. पूर्वी हे काम माणसाएवढे उंच उभे वाद्य करीत असे. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडरने गळ्यात अडकवता येईल असा विजेवर चालणारा बेस बाजारात आणला आणि वाजवणाऱ्याचे ओझे हलके झाले. आपल्या किर्तनात तबल्याच्या जोडीतला डावा डग्गा आठवा. उजवा बोलतो, डावा घुमतो. किर्तन संपल्यावर लोक किर्तनकाराचे गुण गातात, डग्ग्याचे नाव कोणी काढत नाही. पण डग्गा नसेल तर गाणे जमिनीवर टेकत नाही.

फंक म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे १९६० च्या दशकात घडलेले नाचाचे संगीत. त्याचा मोठा कर्ता जेम्स ब्राउन. तिकडच्या लोकप्रिय गाण्यांत चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी पडते. ब्राउनने सगळा भार पहिल्या मात्रेवर आणला. वादक तिला नुसते 'वन' म्हणतात. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये, कारण ही आपली समच आहे. मधल्या मात्रांत कितीही फिरा, समेवर सगळ्यांनी एकत्र यायचे. फंकमध्ये ही सम सांभाळण्याची मोठी जबाबदारी बेसवाल्यावर असते.

आता तो माणूस. विल्यम कॉलिन्स, सगळे त्याला 'बूट्सी' म्हणतात. जन्म १९५१, ओहायो राज्यातले सिनसिनाटी शहर. आईने वाढवले. थोरला भाऊ गिटार वाजवायचा, त्याच्याबरोबर वाजवता यावे एवढीच याची हौस. बेस घ्यायला पैसे नव्हते, म्हणून स्वस्तातल्या साध्या गिटारवर बेसच्या चार तारा चढवून त्याने काम भागवले. भावाभावांनी बँड काढला आणि शहरातल्या किंग रेकॉर्ड्स कंपनीच्या स्टुडिओभोवती घुटमळू लागले. जेम्स ब्राउनची गाणी तिथेच निघत.

मार्च १९७० मध्ये ब्राउनच्या जुन्या वादकांनी पगारावरून अडून बसायचे ठरवले. कार्यक्रम जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस गावी, तिकिटे विकलेली. ब्राउनने आपले खाजगी विमान सिनसिनाटीला पाठवून या पोरांना उचलून आणले. त्यांना गाणी ऐकून ऐकून पाठ होती. बूट्सी १८ वर्षांचा होता. म्हणजे त्याची पहिली मोठी नोकरी दुसऱ्यांच्या संपातून आली, हे विसरता येत नाही. त्याला दोष द्यावा असे मात्र आम्हाला वाटत नाही. त्या वयात विमान दाराशी आले तर कोण बसणार नाही?

पुढच्याच महिन्यात त्यांनी ब्राउनचे एक गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याचे नाव शब्बाथच्या जेवणावर घेण्यासारखे नाही, पण ते जगभर गाजले. त्यात बेस काढून टाकला तर फारसे काही उरत नाही. तरीही गाण्याचे कर्ते म्हणून तीन नावे नोंदली गेली: ब्राउन, त्याचा साथी बॉबी बर्ड आणि ध्वनिमुद्रण करणारा इंजिनियर रॉन लेनहॉफ. बूट्सीचे नाव त्यात नाही. नाव नाही, म्हणजे गाण्याच्या कर्त्यांना वर्षानुवर्षे मिळणाऱ्या पैशांत वाटाही नाही.

मग प्रवास सुरू झाला. नायजेरियात लागोस येथे या मंडळींनी फेला कुटीचा बँड ऐकला आणि थक्क झाली. आपण अमेरिकेतून आणले ते इथे आधीच, आणि अधिक खोल, असे बूट्सीला वाटले. फेलाचा ढोलवाला टोनी अ‍ॅलन पुढे सांगत असे की, ब्राउनचा संगीत लिहिणारा माणूस आपले हातपाय कसे चालतात ते बघून टिपून घेत होता. म्हणजे कोण कोणाकडून शिकत होते ते बघा. मार्च १९७१ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिया नाट्यगृहात कार्यक्रम झाला. त्याचे ध्वनिमुद्रण लोकांच्या हाती पडायला १९९२ साल उजाडले.

ब्राउनच्या हाताखाली बूट्सी जेमतेम वर्षभर टिकला. चुकलेल्या सुराला दंड, बुटाला पॉलिश नसेल तरी दंड, अशी तिथली शिस्त. १९७१ मध्ये तो बाहेर पडला. नंतर जॉर्ज क्लिंटनच्या मंडळीत गेला आणि १९७६ मध्ये 'बूट्सीज रबर बँड' या स्वतःच्या नावाने रेकॉर्ड काढली. डोळ्यांवर चांदणीच्या आकाराचा चष्मा आणि हातात चांदणीच्याच आकाराचा बेस. मागे उभा राहणारा माणूस पुढे आला. गंमत अशी की, १९७० मध्ये पगारासाठी अडून बसलेल्यांपैकी सॅक्सोफोनवाला मेसिओ पार्कर पुढे याच मंडळीत त्याच्याबरोबर वाजवू लागला. १९९० मध्ये 'ग्रूव्ह इज इन द हार्ट' हे गाणे गाजले. तो बँड तिघांचा: एक जपानचा, एक युक्रेनमध्ये जन्मलेला, एक अमेरिकन गायिका. त्यातले हाकारे बूट्सीचे.

आपल्या इस्रायलमध्ये असा माणूस योसी फाईन. जन्म पॅरिसचा, लहानपण इथले, तरुणपणी न्यूयॉर्कला जाऊन गिल एव्हान्सच्या ऑर्केस्ट्रात वाजवले. डेव्हिड बोवीच्या १९९५ च्या 'आउटसाइड' या रेकॉर्डवरही त्याचा बेस आहे. नातवंडांना ठाऊक असलेल्या 'हादाग नाहाश' या जेरुसलेमच्या बँडची २००० मधली पहिली रेकॉर्ड त्यानेच घडवली. नंतर मालीच्या व्ह्यू फार्का तूरे या गायकाचे कामही केले. त्याला पॅरिस, न्यूयॉर्क, तेल अवीव, माली असे का फिरावे लागते? गायकाला भाषा आडवी येते, बेसवाल्याला येत नाही. सम सगळीकडे पहिल्याच मात्रेवर. पण याच कारणाने त्याच्या जागी दुसरा कोणीही बोलावता येतो. म्हणून तो जिथे बोलावणे येईल तिथे जातो.

पोट भरते का, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे इथेच आहे. स्टुडिओत वाजवले की ठरलेली रक्कम एकदाच हातात पडते. पुढे गाणे हजार वेळा वाजले तरी वाजवणाऱ्याला काही मिळेल की नाही, हे नाव कुठे आणि कसे नोंदले यावर ठरते. इस्रायलमध्ये कवी आणि संगीतकारांचे तमलुगिम 'अकुम' गोळा करते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या हक्कांसाठी 'एशकोलोत' आहे. या दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि तरुण मुले त्यात गोंधळतात. गाणे सगळ्यांनी मिळून खोलीत बसून रचले असेल तर कर्ता कोण, हे स्टुडिओतून बाहेर पडण्याआधी कागदावर लिहून घ्यावे. घरात अनेक करारांवर सह्या केलेले आजी-आजोबा असतात. इथे त्यांचा उपयोग होतो.

आणखी एक. वय झाले की बहुधा आधी बारीक, उंच आवाज कानातून निसटतात. खालचे आवाज जास्त दिवस टिकतात. तेव्हा नातू वाजवत असेल तर लगेच "बास" म्हणू नका. हाताचा तळवा टेबलावर ठेवा आणि सम शोधा. सापडली की त्याला विचारा, त्या रेकॉर्डवर तुझे नाव छापले आहे का रे?